कोठार, हुंडी आणि रम : न्यू साउथ वेल्सच्या कैदी वसाहतीची आर्थिक पार्श्वभूमी

जून १७९२ मध्ये ‘अटलांटिक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून सिडनीच्या बंदरात आले, तेव्हा त्यातून तांदूळ, सोजी आणि डाळ उतरवण्यात आली. वसाहतीच्या इंग्रजी नोंदींत हे शब्द ‘सूजी’ आणि ‘धोल’ अशा रूपांत जसेच्या तसे उतरले आहेत. इंग्लंडमध्ये चोरीमारी केली म्हणून समुद्रापार धाडलेल्या माणसांच्या शिध्यात बंगालची डाळ यावी, याची आज गंमत वाटते. पण त्या वसाहतीचा सुरुवातीचा सगळा अर्थव्यवहार त्या एका खेपेत पाहायला मिळतो. माल हिंदुस्थानातून आला, सरकारी कोठारात उतरला, शिधा म्हणून वाटला गेला आणि त्याचे पैसे लंडनच्या खजिन्याने चुकते केले. सिडनीत पिकलेले किंवा बनलेले असे या व्यवहारात जवळजवळ काहीच नव्हते.

मराठी वाचकाला ‘काळे पाणी’ म्हटले की अंदमान आठवते, आणि अंदमान म्हणजे सेल्युलर जेलच्या कोठड्या. न्यू साउथ वेल्स, म्हणजे ऑस्ट्रेलियातली सिडनीभोवतीची ही ब्रिटिश कैदी वसाहत, त्या चित्रात बसत नाही. तिथे पहिली तीसएक वर्षे बहुसंख्य कैदी भिंतीआड नव्हतेच. शहराभोवतीचे जंगल आणि समुद्र हीच भिंत होती. कैदी झोपडीत राहत, दुपारनंतर स्वतःची मजुरी करत, उधारी करत, दुकान टाकत, आणि त्यांतले काही जण पुढे जहाजांचे मालक झाले. हे कसे शक्य झाले ते समजून घ्यायचे तर तुरुंगाच्या नियमांपेक्षा कोठाराच्या वह्या अधिक उपयोगी पडतात.

अमेरिकेतील वसाहतींनी १७७५ मध्ये युद्ध पुकारले आणि ब्रिटनचे कैदी तिकडे पाठवणे थांबले. त्याआधी ही पाठवणी सरकारला फारशी महाग पडत नव्हती, कारण कंत्राटदार कैद्यांना नेऊन त्यांची मजुरी तिथल्या मळेवाल्यांना विकत असे. युद्ध सुरू झाल्यावर कैदी थेम्स नदीतल्या मोडक्या जहाजांवर कोंबले जाऊ लागले आणि नवी जागा शोधणे भाग पडले. १३ मे १७८७ रोजी आर्थर फिलिप यांच्या नेतृत्वाखाली ११ जहाजे पोर्ट्‌स्मथहून निघाली आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत वसाहतीचा झेंडा रोवला गेला. नॉरफोक बेटावरील उंच पाइन वृक्ष आणि तिथले अंबाडीसारखे धाग्याचे झाड यांपासून आरमारासाठी डोलकाठ्या आणि शिडाचे कापड मिळेल, ही आशाही या बेतामागे होती. तिला किती वजन द्यायचे यावर इतिहासकारांत दीर्घ वाद झाला आहे. प्रत्यक्षात ना डोलकाठ्या मिळाल्या, ना कापड. मात्र एक फरक पहिल्या दिवसापासून होता. अमेरिकेत मजूर विकत घेणारे मळेवाले होते, इथे कोणीच नव्हते. त्यामुळे कैद्याचा मालकही सरकार, अन्नदाताही सरकार आणि गिऱ्हाईकही सरकारच, अशी स्थिती झाली. ज्या गॅडिगल लोकांच्या जमिनीवर हे सर्व उभे राहिले, त्यांना तिचे मोल म्हणून काहीही दिले गेले नाही. वसाहतीचे हे पहिले भांडवल कोणत्याही खातेवहीत नोंदलेले नाही.

वसाहतीसोबत नाण्यांचा खजिना धाडलेला नव्हता. कैद्यांना पैसा कशाला लागतो, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. पुरुष कैद्याला आठवड्याला ७ रतल पीठ किंवा पाव, ७ रतल गोमांस किंवा ४ रतल डुकराचे खारवलेले मांस, वाटाणे आणि थोडे लोणी असा शिधा ठरला होता. स्त्रियांना त्याच्या दोन-तृतीयांश. पण माणसे आली की देवघेव येतेच. जुलै १७८८ मध्ये, म्हणजे वसाहत सहा महिन्यांचीही झाली नव्हती तेव्हा, हेन्री आणि सुझाना केबल या कैदी जोडप्याने ‘अलेक्झांडर’ जहाजाच्या कप्तानावर दिवाणी दावा लावला. नॉर्विचमध्ये लोकांनी वर्गणी काढून त्यांना कपडे वगैरे वस्तूंचे गाठोडे घेऊन दिले होते, ते प्रवासात गहाळ झाले होते. ब्रिटिश कायद्यानुसार अशा शिक्षा झालेल्याला दावा लावण्याचा हक्कच नव्हता. तरी न्यायालयाने तो ऐकला आणि केबल दांपत्याला १५ पौंड भरपाई देवविली. वसाहतीतला हा पहिला दिवाणी खटला. कैद्याची मालमत्ता त्याचीच आहे, एवढे त्यातून व्यवहारात मान्य झाले. याच केबलने पुढे भागीदारीत जहाजे बांधली आणि सीलच्या कातड्यांचा धंदा केला.

सुरुवातीची दोन वर्षे उपासमारीत गेली. पुरवठा घेऊन निघालेले ‘गार्डियन’ डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळले आणि मार्च १७९० मध्ये वसाहतीचे मोठे जहाज ‘सिरियस’ नॉरफोक बेटाच्या खडकांवर फुटले. शिधा कापत कापत अर्ध्याखाली आला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस पोहोचलेल्या दुसऱ्या ताफ्याची कथा तर कंत्राट कसे देऊ नये याचा धडा आहे. गुलामांच्या व्यापारात मुरलेल्या लंडनच्या कॅम्डेन, कॅल्व्हर्ट अँड किंग या पेढीला दर कैद्यामागे १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स ठरले होते. पण ते जहाजावर चढवलेल्या कैद्यामागे, जिवंत उतरवलेल्या नव्हे. साहजिकच कैदी मेला की त्याचा शिधा वाचत होता. सुमारे एक-चतुर्थांश कैदी वाटेतच मेले. जे उतरले त्यांतल्या अनेकांना चालताही येत नव्हते, आणि जहाजांचे कप्तान मात्र किनाऱ्यावर दुकाने मांडून चढ्या भावाने माल विकत होते.

आता मुख्य यंत्रणेकडे येऊ. फिलिप यांनी शिक्षा संपलेल्या कैद्यांना जमिनी द्यायला सुरुवात केली : एकट्या पुरुषाला ३० एकर, लग्न झालेले असल्यास ५०, आणि दर मुलामागे आणखी १०. जेम्स रूझ या कैद्याने पॅरामाटा येथे नोव्हेंबर १७८९ पासून प्रयोग म्हणून शेती करून दाखवली आणि १७९१ मध्ये सरकारी शिधा घेणे सोडले. पुढे १७९४ पासून हॉक्सबरी नदीच्या गाळाच्या जमिनीवर शेते पसरली. याच काठांवर दारुग लोक कंद खणत असत. तिथे मका आणि गहू उभा राहिल्यावर त्यांनी उभ्या पिकातून कणसे नेली, शेतकऱ्यांनी गोळ्या घातल्या, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या संघर्षाला तोंड लागले.

शेतकऱ्याचा गहू घेणारे खरे गिऱ्हाईक एकच, सरकारी कोठार. कोठार ठरीव भाव देई. १७९०च्या दशकात तो बुशेलमागे (बुशेल हे धान्याचे इंग्रजी माप) १० शिलिंग होता. गहू मोजून घेतला की कोठावळा पैसे देत नसे, पावती देई. अशा पावत्या साठल्या की त्यांच्या बदल्यात लंडनच्या खजिन्यावर काढलेली हुंडी मिळे. परदेशी जहाजाचा कप्तान रोख नाण्यांखेरीज दुसरे काही स्वीकारत असेल तर ती ही हुंडी, कारण ती लंडनमध्ये हमखास वटत होती. म्हणजे वसाहतीचे परकीय चलन कोठाराच्या दारातूनच बाहेर पडत होते. दूरच्या शेतातल्या ३० एकरवाल्याला मात्र पावत्या साठवत बसणे परवडत नव्हते. त्याला आजच कुदळ हवी, चहा-साखर हवी, दारू हवी. तो पावती कमी किमतीत व्यापाऱ्याला देऊन मोकळा होई. कोठारात कोणाचा गहू आधी घ्यायचा यातही वशिला चालत होता.

लष्करी अधिकाऱ्यांचे महत्त्व इथून सुरू होते. न्यू साउथ वेल्स कोअर या पलटणीचा पगार लंडनमध्ये जमा होई, आणि त्या जमेवर अधिकाऱ्यांना हुंड्या काढता येत. वसाहतीत ज्याच्या हाती लंडनमध्ये वटणारा कागद, त्याच्याच हाती जहाजावरचा माल. डिसेंबर १७९२ मध्ये फिलिप मायदेशी परतले आणि कारभार मेजर फ्रान्सिस ग्रोझ यांच्याकडे आला. त्याच महिन्यात ‘होप’ हे अमेरिकन जहाज बंदरात आले. त्यावर अन्नधान्य होते आणि सुमारे साडेसात हजार गॅलन दारूही होती. दारू घेत नसाल तर धान्यही मिळणार नाही, अशी अट कप्तानाने घातली आणि ग्रोझ यांना सगळेच घ्यावे लागले. पुढे अधिकाऱ्यांनी गट करून जहाजांवरचा माल एकगठ्ठा उचलायला आणि कित्येक पट भावाने विकायला सुरुवात केली. ग्रोझ यांनी अधिकाऱ्यांना जमिनी दिल्या आणि कसायला कैदीही दिले, ज्यांचा शिधा सरकारच पुरवत राहिले. फुकट जमीन, फुकट मजूर, मजुरांना फुकट जेवण, आणि पिकलेला गहू पुन्हा सरकारलाच विकायचा : यापेक्षा सोयीचा धंदा शोधून सापडला नसता.

या पलटणीला ‘रम कोअर’ असे टोपणनाव पडले आणि त्या काळातली सिडनी म्हणजे दारूवर चालणारे गाव, अशी समजूत रूढ झाली. दारू मजुरी म्हणून दिली जात होती, वस्तूंच्या अदलाबदलीत वापरली जात होती, हे खरे. पण पैशाची जागा तिने घेतली होती असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. जी वस्तू संध्याकाळपर्यंत पिऊन संपते ती साठवता येत नाही आणि तिच्यात वर्षाचा हिशेब ठेवता येत नाही. हिशेब पौंड-शिलिंगांतच चालत होता, आणि देणी बहुतेक वेळा कोठाराच्या पावत्यांनी किंवा लोकांनी एकमेकांना लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांनी फिटत होती. रम हा त्या बाजारातला सर्वांत नफ्याचा माल होता, इतकेच.

अधिकाऱ्यांना स्वतः दुकानात उभे राहणे कमीपणाचे वाटे. ते काम त्यांनी सुटलेल्या कैद्यांवर सोपवले, आणि मधल्या या माणसांनी धंदा शिकून घेतला. कापडाच्या चोरीसाठी पाठवलेला सिमियन लॉर्ड अशाच किरकोळ विक्रीतून मोठा व्यापारी झाला. घोडाचोरीच्या आरोपावरून किशोरवयात शिक्षा झालेली मेरी रायबी १७९२ मध्ये आली. पती वारल्यानंतर तिने जहाजे, गोदामे आणि घरे यांचा कारभार एकटीने वाढवला.

हिंदुस्थानशी असलेले नाते या काळात घट्ट झाले, कारण इंग्लंडपेक्षा कलकत्ता जवळ होते. ‘शाह होर्मुझिअर’ हे जहाज १७९३ मध्ये कलकत्त्याहून माल घेऊन आले. त्याचे कप्तान विल्यम बॅम्प्टन यांनी गुरे पुरवण्याचा मक्ता घेतला आणि १७९५ मध्ये ‘एन्डेव्हर’ जहाजातून मुंबईहून सव्वाशेहून अधिक गुरे सिडनीला पोहोचवली. एवढ्या लांबच्या प्रवासात जवळजवळ सगळी जनावरे जगली, हे त्या काळाच्या मानाने नवलच. योगायोग असा की, १७८८ मध्ये केप ऑफ गुड होपहून आणलेली आणि राखणदाराच्या हलगर्जीमुळे रानात पळालेली वसाहतीची पहिली मूठभर गुरेही त्याच वर्षी नेपियन नदीपलीकडे सापडली. तोवर त्यांचा साठाहून अधिक जनावरांचा कळप झाला होता. त्या कुरणांना ‘काऊपास्चर्स’ असे नाव पडले.

बंगालमधील एका व्यापारी पेढीने १७९६ च्या अखेरीस ‘सिडनी कोव्ह’ नावाचे जहाज रम, तांदूळ, साखर, चहा आणि कापड भरून पाठवले. फेब्रुवारी १७९७ मध्ये ते टास्मानियाजवळच्या एका बेटावर फुटले. मदत आणायला निघालेले १७ जण किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो मैल चालत सिडनीकडे आले. पोहोचले फक्त तिघे, त्यांत एक हिंदुस्थानी होता. वाटेत कड्याच्या पोटात दिसलेला दगडी कोळसा त्यांनी येऊन सांगितला. त्याच वर्षी हंटर नदीच्या मुखाशीही कोळसा सापडला आणि १७९९ मध्ये त्याची पहिली खेप बंगालला रवाना झाली. बुडालेल्या मालामागोमाग, तो पाठवणाऱ्या कलकत्त्याच्या कॅम्बेल पेढीचे रॉबर्ट कॅम्बेल १७९८ मध्ये सिडनीला आले, स्थायिक झाले, धक्का आणि वखारी बांधल्या. अधिकाऱ्यांची मक्तेदारी मोडण्यात सरकारी हुकुमांपेक्षा त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांचा वाटा मोठा म्हणावा लागेल, कारण जहाजे वारंवार येऊ लागल्यावर सगळा माल एकट्या गटाला दाबून ठेवता येईना.

कोणती नाणी या बंदरात फिरत होती, याचा लेखी पुरावा गव्हर्नर किंग यांच्या १९ नोव्हेंबर १८०० च्या जाहीरनाम्यात आहे. त्यांनी नाण्यांचे भाव ठरवून दिले : गिनी १ पौंड २ शिलिंग, पोर्तुगीज योहाना ४ पौंड, सोन्याची मोहोर १ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स, मद्रासचा होन ८ शिलिंग, स्पॅनिश डॉलर ५ शिलिंग, रुपया २ शिलिंग ६ पेन्स. जी नाणी खलाशांच्या आणि सैनिकांच्या खिशातून आली ती चालली. भाव मुद्दाम चढे ठेवले होते, म्हणजे नाणी बाहेर नेणाऱ्याचे नुकसान व्हावे. तरीही ती टिकली नाहीत. वसाहतीला आयात भरपूर आणि निर्यात नगण्य, त्यामुळे चांगले नाणे पुढच्या जहाजाबरोबर निघून जाई. मागे राहत त्या चिठ्ठ्या. त्यांना ‘करन्सी’ म्हणत आणि लंडनच्या पैशाला ‘स्टर्लिंग’. स्टर्लिंगची किंमत जास्त. हाच भेद पुढे माणसांना लागला : वसाहतीत जन्मलेली मुले ‘करन्सी’ आणि ब्रिटनहून आलेले ‘स्टर्लिंग’.

निर्यातीचा प्रश्न ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेने अधिक अवघड केला होता. आशियाई व्यापाराचा एकाधिकार कंपनीकडे असल्याने वसाहतीच्या व्यापाऱ्यांना मोकळेपणी माल पाठवता येत नव्हता. बास सामुद्रधुनीत सीलची अमाप शिकार झाली, कातडी आणि तेल जमले, पण १८०५ मध्ये कॅम्बेल यांनी ‘लेडी बार्लो’ जहाजातून हा माल थेट लंडनला नेला तेव्हा कंपनीने तो अडवला. फिजीचे चंदन आणि ताहितीचे खारवलेले डुकराचे मांस यांचाही व्यापार झाला. चंदन आणि सील दोन्ही काही वर्षांतच ओरबाडून संपले.

मजुरीचा बाजार मात्र आतल्या आत पक्का होत गेला. सरकारी काम नेमून दिलेल्या मापाने असे. तेवढे झाले की उरलेला दिवस कैद्याचा. त्याने सिडनीत खोली भाड्याने घ्यायची तर भाड्यासाठी कमवायलाच हवे, आणि वसाहतीत सुतार-लोहारांचा तुटवडा असल्याने कुशल कैद्याला बऱ्यापैकी मोबदला मिळे. खाजगी मालकाकडे नेमलेल्या पुरुष कैद्यालाही, १८१० मध्ये आलेले गव्हर्नर मॅक्वारी यांच्या काळात, वर्षाला १० पौंड द्यावेत असा नियम होता. चांगल्या वर्तणुकीबद्दल ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळाले की तो शिक्षा संपण्यापूर्वीच स्वतःचे पोट स्वतः भरू शके, आणि सरकारचा शिधा वाचे. दयेपेक्षा काटकसरीचा विचार या सवलतीमागे अधिक होता. याला दुसरी बाजूही होती : मालकाच्या तक्रारीवरून दंडाधिकारी फटक्यांची शिक्षा देत, आणि तो दंडाधिकारी पुष्कळदा शेजारचा जमीनदारच असे.

गव्हर्नर विल्यम ब्लाय यांनी १८०७ मध्ये दारूच्या अदलाबदलीवर बंदी घातली आणि २६ जानेवारी १८०८ रोजी पलटणीने त्यांना पदच्युत केले. या बंडाला रमचे नाव चिकटले असले तरी जमिनीचे पट्टे आणि अधिकाऱ्यांचा वरचष्मा हे वाद त्यात किमान तितकेच मोठे होते. १८१० मध्ये आलेले लॅक्लन मॅक्वारी हे मुंबईत कित्येक वर्षे लष्करी नोकरी केलेले गृहस्थ. तिथे त्यांच्याकडे पगारवाटपाचे खातेही होते. त्यांनी इमारतींचा सपाटा लावला. रुग्णालयासाठी पैसा नव्हता, तेव्हा तिघा मक्तेदारांना ४५,००० गॅलन रम आयात करण्याचा हक्क देऊन त्यांच्याकडून ते बांधून घेतले.

नाण्यांचा तुटवडा त्यांनी ज्या युक्तीने सोडवला ती मात्र खास होती. नोव्हेंबर १८१२ मध्ये ‘समारंग’ जहाजाने मद्रासहून ४०,००० स्पॅनिश डॉलर आणले. ते तसेच वापरात सोडले असते तर वर्षभरात पुन्हा मद्रासलाच पोहोचले असते. म्हणून विल्यम हेन्शल या माणसाला कामाला लावले गेले. खोटी नाणी पाडण्याबद्दलच त्याला शिक्षा झाली होती, म्हणजे वसाहतीत या कामाची तालीम असलेला तोच. त्याने प्रत्येक डॉलरच्या मधोमध गोल भोक पाडले. बाहेरच्या कड्याची किंमत ५ शिलिंग, निघालेल्या चकतीची १५ पेन्स. एका नाण्याची दोन झाली, वर सरकारला नफा, आणि भोक पडलेला डॉलर इतर कोणत्याही बंदरात पूर्ण भावाने चालेना. १८१४ मध्ये ही नाणी चलनात आली. १८१७ मध्ये बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली, तीही मेरी रायबीच्या भाड्याच्या घरात.

लोकरीची कथा बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. पलटणीतला अधिकारी जॉन मॅकार्थर याने १७९७ मध्ये केपहून आलेल्या मेरिनो मेंढ्यांपासून कळप वाढवला, लंडनमध्ये लोकरीचे नमुने दाखवले आणि १८०५ मध्ये जमिनीचे वचन घेऊन परतला. ५,००० एकर मिळाले ते काऊपास्चर्समध्ये, जिथे हरवलेली गुरे सापडली होती. पण लोकर हा प्रमुख धंदा व्हायला सिडनीच्या पश्चिमेची ब्लू माउंटन्स ही डोंगररांग ओलांडणे गरजेचे होते. ती वाट १८१३ मध्ये सापडली आणि विल्यम कॉक्स यांनी सुमारे ३० कैद्यांकडून सहा महिन्यांत १०१ मैलांचा रस्ता काढून घेतला. लंडनने पाठवलेले आयुक्त जॉन बिग यांनी १८२२-२३ मधील अहवालांत मॅक्वारी यांच्या खर्चावर आणि सुटलेल्या कैद्यांना दिलेल्या मानावर टीका केली, आणि कैदी भांडवलवाल्या मेंढपाळांकडे नेमावेत असे सुचवले. हलकी, न नासणारी आणि यॉर्कशायरच्या गिरण्यांना हवी असलेली लोकर लांबच्या जहाजभाड्याला परवडत होती. अखेर लंडनच्या हुंडीवाचूनही परकीय चलन मिळवणारी वस्तू सापडली. १८२४ मध्ये ऑस्ट्रेलियन अ‍ॅग्रिकल्चरल कंपनीला १० लाख एकर दिले गेले. १८३१ पासून जमीन फुकट देणे थांबवून लिलावाने, एकरी किमान ५ शिलिंगांना, विकली जाऊ लागली. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना या वेळीही विचारले गेले नाही. भोकाचे डॉलर १८२२ पासून परत घेतले जात होते, १८२९ मध्ये ते रद्द झाले आणि बहुतेक वितळवले गेले. आज सुमारे ३०० उरले आहेत.

मेंढ्या वाढल्या तशी मजुरांची मागणी कैद्यांच्या संख्येपुढे गेली, आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये ही पाठवणी बंद करावी अशी मागणी जोर धरू लागली होती. मेंढपाळ मालकांनी पुन्हा कलकत्त्याकडे पाहिले. बंगालमध्ये ‘धांगर’ म्हणून ओळखले जाणारे छोटा नागपूरचे सुमारे चाळीस मजूर १८३७ च्या अखेरीस करारावर सिडनीला आणले गेले आणि मेंढरांमागे पाठवले गेले. आणखी माणसे आणण्याचे बेत चालू असतानाच १८३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने कायदा करून करारबद्ध मजुरांना देशाबाहेर पाठवण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणेही थांबले.